टीएमएओवरचं संशोधन कसं वाचायचं, आणि प्रयोग करायचा असेल तर वजन कसं करायचं

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसभावाने हेल्थ चेकअप केलं, त्यात टीएमएओ नावाची एक टेस्ट होती, रिपोर्टमध्ये १४ हा आकडा आणि शेजारी लाल अक्षरात हाय. त्याने फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, कुणीतरी शोधून लिहिलं की हे माशांत असतं आणि याने हार्ट अटॅक येतो, आणि तासाभरात मालवणहून बाबांचा फोन, "म्हणजे आता मासे बंद काय गो?" बहात्तर वर्षांचा माणूस, जन्मभर दिवसाआड मासे खाल्लेला, आवाजात खरंच भीती होती. मी बायोकेमिस्ट्री शिकलेय आणि एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला हेच टीएमएओ वापरलंय, आमच्या लॅबमध्ये ते प्रोटीनला वाचवणारं रसायन म्हणून ओळखीचं होतं, आणि इथे तेच माणसाचा जीव घेणारं म्हणून समोर आलं. मग काही रात्री बसून दोन्हीकडचे पेपर वाचले. ते वाचताना ज्या क्रमाने गोष्टी तपासायला लागतात तो क्रम इथे लिहितेय, कारण हेच प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, विद्यार्थ्यांकडूनही आणि नातेवाइकांकडूनही.

आधी ओळख करून घ्या. टीएमएओ म्हणजे ट्रायमेथिलअमाइन एन-ऑक्साइड, एक नायट्रोजन, त्याला तीन मेथिल आणि एक ऑक्सिजन, एवढंच, साखरेच्या रेणूपेक्षाही कितीतरी लहान. याला स्वतःला वास नाही. वास येतो तो टीएमएला, म्हणजे ऑक्सिजन निघून गेलेल्या ट्रायमेथिलअमाइनला, शिळ्या माशाचा जो टिपिकल वास असतो तो हाच. मासा मेल्यावर बॅक्टेरिया त्याच्यातल्या टीएमएओचा ऑक्सिजन काढून घेतात आणि टीएमए सुटतं. माशाला कोकम किंवा लिंबू लावलं की वास कमी होतो ना, त्याचं कारण हे की टीएमए अल्कलीसारखं आहे, आंबटात त्याचं मीठ होतं आणि मीठ हवेत उडत नाही. म्हणजे आपल्या आज्या आगळ लावून जे करत होत्या ते अगदी शुद्ध केमिस्ट्री होतं. गोड्या पाण्यातल्या रोहू-कटल्यात टीएमएओ फार कमी, त्यामुळे तो वासही तसा येत नाही. बोंबलाची गोष्ट अजून वेगळी, त्याच्यात टीएमएओ तुटून डायमेथिलअमाइन आणि फॉर्मल्डिहाइड तयार होतं, म्हणून कुणीही वरून काही न लावलेल्या बोंबलातसुद्धा टेस्ट केली तर फॉर्मल्डिहाइड सापडतं, हे मासे विकणाऱ्यावर आरोप करण्याआधी माहीत असायला हवं.

आता ही टीएमए आणि टीएमएओची गल्लत बातम्यांमध्ये सर्रास होते, म्हणून लेख वाचताना पहिल्यांदा बघा की नक्की कशाबद्दल बोलताहेत. काही लोकांच्या यकृतातलं एफएमओ३ नावाचं एन्झाइम जन्मापासून नीट चालत नाही, त्यामुळे टीएमएचं टीएमएओ होतच नाही आणि घामाला, श्वासाला, लघवीला माशासारखा वास येतो. याला ट्रायमेथिलअमिन्युरिया म्हणतात. ही माणसं फार सोसतात, त्यांना अस्वच्छ समजलं जातं, शाळेत कुणी शेजारी बसत नाही, आणि अंघोळ कितीही केली तरी उपयोग नसतो कारण वास आतून येतोय. लघवीत टीएमए आणि टीएमएओ यांचं प्रमाण काढून हे कळतं. त्यांची अडचण जास्त टीएमएओची नाही, बरोबर उलटी आहे. म्हणजे एफएमओ३ बंद करून टीएमएओ कमी करा असा सल्ला कुठे वाचलात तर या लोकांची आठवण ठेवा.

आता मुख्य गोष्ट, जी मी प्रत्येक पेपरला सगळ्यात आधी करते. पेपर उघडला की निष्कर्ष नंतर, आधी कॉन्सन्ट्रेशन शोधा आणि एकक वहीत लिहून घ्या. मायक्रोमोलार, मिलिमोलार की मोलार? (एका लिटरात किती रेणू विरघळलेत ते मोलारमध्ये सांगतात, मिलि म्हणजे त्याचा हजारावा भाग, मायक्रो म्हणजे दहा लाखावा.) माणसाच्या रक्ताबद्दल असेल तर आकडा मायक्रोमोलारमध्ये असतो. २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या प्रसिद्ध अभ्यासात मधला आकडा ३.७ मायक्रोमोलार होता. शार्क आणि पाकट यांच्या अंगात युरिया साधारण ४०० मिलिमोलार आणि टीएमएओ धरून मेथिलअमाइन्स साधारण २०० मिलिमोलार. आणि प्रोटीनवाल्या लॅबमध्ये आम्ही सरळ १ मोलार वापरतो. हे तीन आकडे शेजारी ठेवले तर ४ मायक्रोमोलार आणि १ मोलार यात अडीच लाख पटीचा फरक आहे. अडीच लाख! दुसऱ्या तऱ्हेने बघा, १ मोलारला साधारण पन्नासेक पाण्याच्या रेणूंमागे एक टीएमएओ येतो, म्हणजे गर्दीच आहे त्याची, आणि आपल्या रक्तात जवळपास १ कोटी ४० लाख पाण्याच्या रेणूंमागे एक. त्यामुळे "टीएमएओ प्रोटीनला घट्ट करतं" हे लॅबमधलं वाक्य उचलून कुणी म्हणालं की म्हणूनच ते रक्तातली प्रोटीन्स बिघडवतं, किंवा म्हणूनच ते मेंदूला चांगलं, तर दोन्हीही तिथेच खोडून टाका. रक्तातल्या एवढ्या कमी प्रमाणात जे काही घडत असेल ते गर्दीने घडणार नाही, कुठल्या तरी ठरावीक प्रोटीनला जाऊन चिकटल्यानेच घडेल. २०१९ मध्ये सेल मेटाबॉलिझम या जर्नलमध्ये पर्क नावाच्या प्रोटीनला टीएमएओ धरतं असं मांडलंय, तो त्या प्रकारचा दावा, आणि अशा पेपरमध्ये मग शोधायचं असतं की धरण्याची ताकद किती मोजली आणि ती रक्तातल्या आकड्यांच्या जवळ येते का.

एकक जुळलं की पुढे जा. माणसांवरचा पेपर असेल तर आता टीएमएओ आलं कुठून हे बघायचं.

दोन वाटा आहेत आणि त्या वेगळ्या ठेवा. एक वाट सरळ, समुद्रातला मासा खाल्ला, त्यात तयार टीएमएओ आहेच, ते पोटातून रक्तात. दुसरी वाट लांबची, अंडी, मांस, सोयाबीन यातलं कोलीन किंवा लेसिथिन, आणि मटण-बीफमधलं कार्निटिन, हे आतड्यातले बॅक्टेरिया खातात आणि टीएमए सोडतात, ते रक्तातून यकृतात जातं, तिथे एफएमओ३ त्याला ऑक्सिजन जोडतं. माणसाच्या पेशींना कोलीनपासून टीएमए करताच येत नाही, ते काम बॅक्टेरियांचंच. कोलीन तोडणारं त्यांचं एन्झाइम कटसी, ते हार्वर्डच्या एमिली बालस्कस यांच्या लॅबने २०१२ मध्ये दाखवलं. आणि बॅक्टेरियांचा हात आहे याचा पुरावा फार सुंदर आहे, त्या २०१३ च्या पेपरमध्येच तो आहे, लोकांना दोन उकडलेली अंडी आणि खुणेचं म्हणजे जड हायड्रोजन घातलेलं लेसिथिन दिलं, रक्तात खुणेचं टीएमएओ आलं, मग आठवडाभर अँटिबायोटिक देऊन पुन्हा तेच खायला दिलं तर टीएमएओ जवळजवळ नाहीसं, आणि अँटिबायोटिक बंद केल्यावर काही काळाने परत आलं. याच ग्रुपचा, म्हणजे स्टॅन्ली हेझन यांच्या लॅबचा, कार्निटिनवरचा पेपरही २०१३ चाच, त्यात अनेक वर्षं मांस न खाणाऱ्या माणसाला स्टेक खायला घातला तर टीएमएओ फारसं झालंच नाही, कारण ते काम करणारे बॅक्टेरिया त्याच्या पोटात नव्हते किंवा झोपलेले होते.

हे का सांगतेय, तर रक्ताचा नमुना कधी घेतला आणि आदल्या दिवशी काय खाल्लं हे पेपरमध्ये नसेल तर तो आकडा अर्धवट आहे. २०१७ मध्ये ४० निरोगी पुरुषांवर केलेल्या एका नीटस प्रयोगात मासा, बीफ, अंडी आणि फळं असं वेगवेगळ्या दिवशी खायला दिलं, माशानंतर रक्तातलं टीएमएओ बाकीच्यांच्या मानाने साधारण ५० पट चढलं, तेही पंधरा मिनिटांत चढायला सुरुवात झाली. पंधरा मिनिटं म्हणजे बॅक्टेरियांना वेळच मिळालेला नाही, ते माशातलंच टीएमएओ. किडन्या चांगल्या असतील तर दिवसभरात ते बरंच लघवीवाटे निघून जातं. मी मावसभावाला फोन करून विचारलं, "अरे, टेस्टच्या आदल्या रात्री काय जेवलास?" तर म्हणाला, सामन, मोठा तुकडा, आणि दुपारीसुद्धा तेच उरलेलं. लॅबने उपाशीपोटी या एवढंच सांगितलं होतं, माशाबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. मी म्हटलं, तीन दिवस समुद्रातलं काही खाऊ नकोस, मग परत दे. दुसऱ्यांदा आकडा चारच्या खाली आला. आणि एवढं सगळं करून एका माणसाचा हा आकडा एका दिवशी वेगळा, दुसऱ्या दिवशी वेगळा असतो, वर्षभराच्या अंतराने त्याच माणसाचे नमुने घेतले तरी नीट जुळत नाहीत, म्हणून एकाच मोजणीवर दहा वर्षांचं भविष्य सांगणारा पेपर दिसला की तिथे पेन्सिलने खूण करा.

मग किडनी. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि बातम्यांमध्ये तो नेमका गळतो. टीएमएओ शरीराबाहेर जायचा मोठा रस्ता किडनी. किडनी मंदावली की टीएमएओ साठतं, डायलिसिसवरच्या काही रुग्णांत ते १०० मायक्रोमोलारच्या आसपाससुद्धा जातं, आणि किडनी ट्रान्सप्लांट झालं की खाली येतं. आता किडनी मंदावलेल्या माणसाला हार्टचा धोका तसाही जास्त असतो. म्हणजे टीएमएओ जास्त आणि हार्ट अटॅक जास्त हे दोन्ही एकत्र दिसलं तरी मागे किडनी उभी असू शकते. नदीला पूर आला की पुलाखाली पाणी वाढतं आणि गावात घरंही पडतात, पण घरं पुलाखालच्या पाण्याने पडली असं आपण म्हणत नाही. पेपरमध्ये टेबल बघा, ईजीएफआर किंवा क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारे आकडे, धरून हिशोब केलाय का, आणि तो धरल्यावर धोका किती खाली आला. क्लीव्हलँडच्या त्या २०१३ च्या अभ्यासात ४,००७ जण होते, तीन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, टीएमएओच्या सगळ्यात वरच्या चौथाईला खालच्या चौथाईच्या मानाने मृत्यू, हार्ट अटॅक किंवा स्ट्रोकचा धोका अडीच पट दिसला, २.५४ हा तो आकडा. बाकीचे धोके हिशोबात घेतल्यावर तो कमी झाला पण टिकला. हा खरा, मोठा आणि नीट केलेला अभ्यास आहे, तो उडवून लावायचा नाही. पण ही ४,००७ माणसं कोण? ठरवून अँजिओग्राफीला आलेली, म्हणजे आधीच छातीची काहीतरी शंका असलेली. बाबांसारख्या रोज पाच किलोमीटर चालणाऱ्या माणसाला ते जसंच्या तसं लावता येत नाही. पेपरच्या शेवटी लेखकांनी स्वतःच दिलेलं असतं की या टेस्टशी संबंधित पेटंटमध्ये त्यांची नावं आहेत, तेही वाचायचं. त्याने अभ्यास खोटा ठरत नाही, फक्त इतर लॅबना तेच दिसतंय का हे बघायची गरज वाढते.

कारण आणि सोबत यातला फरक करायला एक चांगला मार्ग जनुकांचा आहे. जन्मतःच ज्यांच्या जनुकांमुळे टीएमएओ थोडं जास्त असतं त्यांना हृदयरोग जास्त होतो का, हे बघायचं, कारण जनुकं जेवणाने किंवा आजाराने बदलत नाहीत. २०१९ मध्ये डायबिटीस या जर्नलमध्ये असा पेपर आला, त्यात टीएमएओमुळे हृदयरोग होतो असं दिसलं नाही, पण उलट डायबिटीस आणि किडनीच्या आजारामुळे टीएमएओ वाढतं असं दिसलं. यालाही मर्यादा आहे, टीएमएओवर जनुकांचा ताबा कमी आणि जेवण-बॅक्टेरियांचा जास्त, त्यामुळे हे हत्यार थोडं बोथट पडतं. माझं मत विचाराल तर, टीएमएओ ही सध्या तरी दारावरची घंटा आहे, चोर कोण ते अजून नक्की नाही. टीएमएओ खाली आणलं म्हणून माणसांतले हार्ट अटॅक कमी झाले असं मोठ्या चाचणीत अजून दाखवलेलं नाही, आणि ते दाखवेपर्यंत टीएमएओ घटवणाऱ्या गोळ्या-पावडरींवर पैसे घालू नका. आणि सगळ्यात जास्त टीएमएओ चढवणारा जो मासा, तो खाणाऱ्यांचं हृदय बहुतेक मोठ्या अभ्यासांत बरंच निघालंय, हे कोडं ज्या लेखात नुसतं वगळलंय त्या लेखावर फार विसंबू नका.

याचा अर्थ सगळंच फोल असंही नाही बरं. २०१७ मध्ये सर्क्युलेशन या जर्नलमध्ये एक छोटा प्रयोग आला, जेमतेम १८ जण, त्यांना दोन महिने कोलीनच्या गोळ्या दिल्या, टीएमएओ दहा पटीपेक्षा जास्त वाढलं आणि रक्तातल्या प्लेटलेट्स गुठळी करायला जास्त उतावळ्या झाल्या. १८ जणच आहेत, पण इथे देऊन बघितलंय, नुसतं मोजलेलं नाही, म्हणून याचं वजन वेगळं. जिमवाले कोलीन-कार्निटिनचे डबे घेतात त्यांनी हा वाचावा. अंड्यांनी घाबरू नका, एका मोठ्या अंड्यात साधारण १५० मिलिग्रॅम कोलीन, तेही लेसिथिनमध्ये बांधलेलं, आणि गोळीतलं मोकळं कोलीन, दोन्हींचा परिणाम सारखा नाही. लाल मांसाबद्दल २०१९ मध्ये ११३ जणांना एकेक महिना लाल मांस, चिकनसारखं पांढरं मांस आणि बिनमांसाचं जेवण असं आळीपाळीने दिलं, लाल मांसावर टीएमएओ साधारण तिप्पट झालं आणि ते सोडल्यावर महिन्याभरात परत उतरलं.

उंदरांवरच्या पेपरबद्दल थोडक्यात. २०११ च्या नेचरमधल्या ज्या पेपरने हा सगळा विषय पेटला त्यात उंदरांना १ टक्का कोलीन किंवा ०.१२ टक्के टीएमएओ दिलं होतं, उंदीर असे निवडलेले की त्यांच्या धमन्या लवकर भरतात. दोन गोष्टी बघा, उंदीर नर की मादी, कारण मोठ्या नर उंदराच्या यकृतात एफएमओ३ फारच कमी असतं, माणसात तसं नाही, आणि दुसरं म्हणजे उलटे निकाल. २०१६ मध्ये वेगळ्या जातीच्या उंदरांत कार्निटिनने टीएमएओ वाढलं आणि धमन्यांमधले चरबीचे थर मात्र कमी झाले. दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाचा, एकच वाचून मत बनवू नका. विद्यार्थी असाल तर मोजणीची पद्धतही बघा, मास स्पेक्ट्रोमीटरवर नऊ जड हायड्रोजनवालं टीएमएओ आधीपासून नमुन्यात घालून मोजलंय ना, नसेल तर आकड्यांवर फार भरवसा नको.

आता प्रोटीनची बाजू, माझ्या जिवाभावाची.

शार्कच्या रक्तात एवढा युरिया असतो की आपल्याकडे तसा झाला तर माणूस आयसीयूमध्ये असेल. कोकणात मोरी, मुशी किंवा पाकट आणल्यावर थोडा वेळ झाला की नाकात जो अमोनिया जातो तो या युरियाचाच, बॅक्टेरियांनी तोडलेला. मग शार्क जगतो कसा? प्रोटीन म्हणजे एक लांब साखळी, ती ठरावीक घडी घालून बसली तरच काम करते. १९७९ साली पॉल यान्सी आणि जॉर्ज सोमेरो यांनी दाखवलं की युरिया प्रोटीनची घडी मोडायला जातो आणि टीएमएओसारखे मेथिलअमाइन्स ती घडी परत बसवायला जातात, आणि शार्कच्या अंगात यांचं प्रमाण साधारण दोनास एक असतं, तेच प्रमाण टेस्ट ट्यूबमध्येही एकमेकांना काटतं. कारण पुढे वेन बोलेन यांच्या लॅबने फार बारकाईने काढलं. टीएमएओला प्रोटीनच्या साखळीचा कणा आवडत नाही, ते त्याच्यापासून लांब राहतं. साखळी उलगडली की कणा उघडा पडतो, म्हणजे नावडता भाग वाढतो, म्हणून साखळी परत घडी घालून बसते. अंगण ओलं असलं की आपण साडी पसरून वाळत घालत नाही, घडी करून हातातच धरतो ना, तसं. युरियाचं उलट, त्याला कणा आवडतो, तो त्याला चिकटून उलगडलेलं ठेवतो. १९९८ मध्ये याच लॅबने असं प्रोटीन घेतलं जे साध्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) उलगडलेलंच राहतं, आणि टीएमएओ घालून त्याला जबरदस्तीने घडी घालायला लावली. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा पान मागे घेऊन वाचावं लागलं होतं.

समुद्रात जेवढं खोल जाल तेवढा दाब, दर दहा मीटरला एक अ‍ॅटमॉस्फियर, आणि माशांच्या स्नायूंत टीएमएओ खोलीबरोबर वाढत जातं. यान्सी यांनी २०१४ मध्ये मांडलं की साधारण ८,२०० ते ८,४०० मीटरला माशाच्या आत विरघळलेलं सगळं मिळून समुद्राच्या पाण्याएवढंच होईल, त्याखाली अजून टीएमएओ भरलं तर पाणीच उलटं आत शिरायला लागेल, म्हणून मासे त्याखाली जात नसावेत. जपानजवळच्या खंदकात २०२२ मध्ये स्नेलफिश जातीचा मासा कॅमेऱ्यात सापडला तो ८,३३६ मीटरवर!

हे स्वतः करून बघायचं असेल, बीएस्सी-एमएस्सीच्या लॅबमध्ये होण्यासारखं आहे, तर लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम घ्या, त्याची अ‍ॅक्टिव्हिटी ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात एनएडीएच नावाचं रसायन कमी होताना दिसते, बहुतेक कॉलेजांत हे आधीच करतात. चार ट्यूब लावा, एकात नुसता बफर, एकात युरिया, एकात टीएमएओ, एकात दोन्ही, युरिया दोन भाग तर टीएमएओ एक भाग, म्हणजे ४०० मिलिमोलारला २०० मिलिमोलार, शार्कचंच प्रमाण. पायरुवेट, म्हणजे हे एन्झाइम ज्यावर काम करतं ते, कमी-जास्त करून केएम काढा, म्हणजे एन्झाइमला त्याच्या कमाल वेगाच्या निम्म्यापर्यंत पोचायला किती पायरुवेट लागतं तो आकडा, नुसता एक वेग मोजून थांबू नका कारण युरियाचा फटका केएमवर जास्त दिसतो. चौथी ट्यूब पहिलीच्या जवळ यायला हवी. नुसत्या टीएमएओवाल्या ट्यूबमध्ये बदल दिसला तर तोही लिहा, टीएमएओचा स्वतःचाही परिणाम असतो, आणि म्हणूनच ती ट्यूब वगळायची नाही.

युरिया त्याच दिवशी करा. जुन्या आणि गरम केलेल्या युरियात सायनेट तयार होतं आणि ते प्रोटीनमधल्या लायसिन या घटकाला चिकटतं, मग तुम्ही भलतंच काहीतरी मोजत बसता. युरिया विरघळताना बीकर हाताला गार लागतो, चांगला गार, आणि मुलं घाईने हॉट प्लेटवर ठेवतात, ते अजिबात नको, बाजूला ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच मार्कपर्यंत पाणी घाला, युरिया स्वतःही बरीच जागा घेतो.

टीएमएओचं वजन करताना मात्र माझ्याकडून जे झालं ते तुमच्याकडून होऊ नये म्हणून सविस्तर सांगते. बाटलीवर डायहायड्रेट असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, म्हणजे दर रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू. त्याचा मोलर मास, म्हणजे एका मोलचं ग्रॅममधलं वजन, १११.१४. पाणी नसलेल्याचा ७५.११. मी पाठ असलेला ७५ घेऊन १० मिलिलिटरला ०.७५१ ग्रॅम टाकलं आणि वहीत १ मोलार लिहिलं, प्रत्यक्षात ते ०.६८ मोलारच्या खाली होतं, टाकायला हवं होतं १.१११ ग्रॅम. तीन आठवडे माझी चौथी ट्यूब पहिलीजवळ येईना, मला वाटायला लागलं की दोनास एकचं प्रमाण या एन्झाइमला लागू होत नाही, गाइडना तसं सांगायची तयारीसुद्धा केली, आकृत्या काढल्या. शेवटी लॅबमधली एक सीनियर ताई बाटली हातात घेऊन लेबल मोठ्याने वाचत होती आणि तिचं वाचून संपायच्या आत मला कळलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही. तेव्हापासून मी कुठलंही रसायन काढलं की लेबलवरचा मोलर मास आधी वहीत उतरवते, मगच बाटली उघडते.

पीएच टीएमएओ घातल्यानंतर तपासा, आधी नाही. टीएमएओचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्म्या रेणूंवर प्रोटॉन बसलेला असतो तो, साधारण ४.७ आहे, त्याखाली गेलात तर त्याच्यावर प्रोटॉन बसतो आणि ते वाचवायच्या ऐवजी प्रोटीनला मोडायला लागतं. हे दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियामध्ये फैजान अहमद यांच्या ग्रुपने २००५ मध्ये दाखवलंय, आणि अ‍ॅसिडिक बफरमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने ते वाचायला हवं. सात-साडेसातला राहिलात तर ही अडचण येत नाही.

सोल्युशन पिवळसर दिसलं किंवा माशाचा वास आला तर त्यात टीएमए किंवा दुसरी घाण आहे, थोडा अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल घालून ढवळा, ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा आणि मग वापरा. उरलेली पावडर दमट हवेत ठेवू नका, विशेषतः आपल्याकडच्या पावसाळ्यात, झाकण घट्ट लावून डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या भांड्यात, आणि बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करने.